अडगळीतल्या वस्तूंपासून कलाकृती: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

या वाटेला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "काय बनवू?" तो तूर्तास बाजूला ठेवा. झाकणांचा मोर, सीडींचा मासा, स्पार्क प्लगचा माणूस ही मंडळी याच प्रश्नातून जन्माला येतात. त्यात मेहनत असते, कौतुकही होतं. पण झाकणाचं झाकणपण जातं आणि मोर तर मोर म्हणून बेताचाच होतो. त्याऐवजी वस्तूलाच विचारायचं की बाई, तू जात्याच काय करतेस? वाकतेस का? एकात एक बसतेस का? ढीग केला तर घसरतेस की टिकून राहतेस? आणि यातला सगळ्यात कळीचा प्रश्न: तुझे दोन नग एकमेकांना जोडायचे कसे?

माझं मत विचाराल तर कलाकृती ठरते ती या जोडावर. हे नुसतं म्हणण्यापेक्षा एक उदाहरण बघू.

एल अनात्सुई हे १९४४ साली घानात जन्मलेले शिल्पकार. १९७५ पासून त्यांनी नायजेरियातल्या न्सुक्का इथल्या विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या हाती दारूच्या बाटल्यांची झाकणं भरलेली एक पिशवी लागली. झाकणं आणि बाटलीच्या गळ्याभोवतीच्या धातूच्या पट्ट्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठोकून चपट्या केल्या, दुमडल्या, पिळल्या, कडेला भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेने एकमेकींना बांधल्या. तयार झालं ते भिंतभर पसरणारं, धातूचं असूनही कापडासारखं घडी पडणारं काहीतरी. २०१५ साली त्यांना वेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाचा जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला. आता कल्पना करा, हीच झाकणं त्यांनी प्लायवूडवर गोंदाने चिकटवली असती तर? रंग तेच, नगही तेवढेच, पण हाती आला असता एक टणक फलक. तार प्रत्येक जोड थोडा हलता ठेवते. म्हणून ते काम लोंबतं, दुमडतं आणि दर प्रदर्शनात वेगळ्या पद्धतीने टांगता येतं. सगळी करामत त्या तारेच्या छोट्याशा तुकड्यात आहे.

१. एकच वस्तू निवडा, आणि ती भरपूर

सुरुवातीला पाच प्रकारच्या वस्तू एकत्र करू नका. एकच घ्या. ती हाताच्या मुठीत मावणारी, सतत मिळत राहणारी, फुकट किंवा जवळपास फुकट असलेली आणि कुणीही ओळखेल अशी असावी. धातूची झाकणं, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या, बटणं, खराब झालेल्या चेन, जुन्या चार्जरच्या वायरी, तिकिटं, पावत्या. पाकिटांच्या आतल्या बाजूला मजकूर बाहेरून वाचता येऊ नये म्हणून छापलेली निळी-करडी नक्षी असते, तीही घ्या. हजारो पाकिटं हाताखालून जातात आणि ती नक्षी कुणी बघत नाही.

भरपूर का? कारण दहा नग म्हणजे दहा वस्तू, आणि दोन हजार नग म्हणजे निराळंच काहीतरी. अमेरिकन कलाकार टारा डोनोव्हन यांचं बरंचसं काम यावरच उभं आहे. थर्माकोलचे कप, स्ट्रॉ, बटणं, टाचण्या अशी एकच वस्तू आणि एकच नियम, आणि तो नियम हजारो वेळा पाळायचा. १९९६ साली त्यांनी दात कोरायच्या काड्यांचा एक घन केला. त्यात गोंद नाही. काड्या एकमेकींत अडकून, घर्षणाने आणि स्वतःच्या वजनाने टिकून आहेत. म्हणजे इथे जोड म्हणून निराळं काही नाहीच, काडीचा खडबडीतपणा हाच जोड.

पिकासोने १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. दोनच तुकडे! ते बघून वाटतं, हे तर मीही करीन. पण नवख्यासाठी हा सगळ्यात अवघड प्रकार आहे, कारण तिथे सगळी मदार एका नजरेवर असते. ती नजर हजार झाकणं हाताळल्यावर येईल तेव्हा येईल. फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँने १९१७ साली मुतारीचं भांडं 'फाउंटन' म्हणून प्रदर्शनाला पाठवलं, त्यात तर जोडकाम शून्य होतं. संयोजकांनी ते मांडलं नाही, मूळ भांडं हरवलं, आणि आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर केलेल्या प्रतिकृती. तो रस्ता एकदा कुणीतरी चालून गेलाय. पुन्हा तीच खोडी काढण्यात मजा नाही.

२. याला हात लावू नका

सुंदर दिसतात म्हणून लोक नको त्या वस्तू उचलतात. फुगलेली लिथियम बॅटरी आग पकडते. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. जुन्या जाड काचेच्या टीव्हीतला आणि मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) प्लग काढल्यानंतरही विजेचा झटका देऊ शकतो, तेव्हा ती यंत्रं उघडूच नका. ॲस्बेस्टॉसचे पत्रे, न फोडलेले स्प्रेचे डबे, सुया आणि औषधांच्या वापरलेल्या सिरिंज वर्ज्य. जुन्या रंगवलेल्या लाकडावर शिशाचा रंग असू शकतो, त्यामुळे ते कोरडं घासू नका. आणि प्लास्टिक वितळवण्याचे व्हिडिओ कितीही मोहक वाटले तरी घरात ते उद्योग नकोत. पीव्हीसी तापलं की घशाला जाळणारा विषारी वायू सोडतं.

चष्मा आणि जाड हातमोजे आधी घ्या, हातोडी नंतर.

३. धुणं आणि निवडणं

गरम पाणी आणि भांड्यांचा साबण बहुतेक कामं उरकतो. कागदी लेबल पाण्यात भिजवून निघतं, मागे राहिलेला चिकटा खाद्यतेल चोळून काढायचा. लोखंडावरचा गंज व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून सुटतो. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यातून खळबळून लगेच पुसून वाळवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस पापुद्रा धरतो. ॲल्युमिनियम मात्र धुण्याच्या सोड्यात टाकू नका, काळं पडतं.

किती स्वच्छ करायचं? माझा नियम असा की वास, चिकटपणा आणि सुटा गंज जायलाच हवा, पण ओरखडे, फिकटलेला छाप, दाताच्या खुणा राहू द्याव्यात. वापराच्या खुणा पुसून नवीकोरी केलेली वस्तू सरळ दुकानातूनच आणली असती तरी चाललं असतं.

निवडण्याला मात्र वेळ द्या. आधी रंगाने लावा. मग तेच नग आकाराने लावा. मग झिजलेले आणि न झिजलेले असे. प्रत्येक वेळी फोटो काढा. पुष्कळदा कलाकृती इथेच सापडते. ब्रिटिश शिल्पकार टोनी क्रॅग यांनी १९७८ साली सापडलेले प्लास्टिकचे तुकडे इंद्रधनुष्याच्या क्रमाने जमिनीवर पसरवले, आणि एवढ्यावरच ते काम पुरं झालं. चिनी कलाकार सोंग डोंग यांच्या आईने अनेक वर्षं कधी ना कधी कामी येईल म्हणून काहीही टाकलं नव्हतं. रिकाम्या ट्यूब, साबणाचे तुकडे, कापडाच्या चिंध्या, बाटल्या. वडिलांच्या निधनानंतर आईचं दुःख हलकं व्हावं म्हणून मुलाने तिच्यासोबत या वस्तू लावायला घेतल्या. २००५ साली बीजिंगमध्ये त्या पहिल्यांदा मांडल्या गेल्या, दहा हजारांहून जास्त. त्यात एकही वस्तू दुसरीला जोडलेली नाही. जातीप्रमाणे केलेले ढीग आणि ढिगांमधून चालायला वाट, बस्स.

दुसऱ्याच्या घरातली अडगळ वापरणार असाल तर विचारून घ्या. पावत्या, पत्रं, औषधाच्या चिठ्ठ्या यांवर नावं आणि क्रमांक असतात, ते आधी कापून टाका.

४. दहा नग घेऊन बसा

टेबल रिकामं करा. दहा नग, अर्धा तास, आणि हातात काहीही साधन नाही. रचून बघा. किती उंच जातात, कुठे ढासळतात? एकात एक घालून बघा. वाकवा, पिळा. एक नग मुद्दाम तोडा आणि तुटलेली कड बघा. खिडकीपाशी धरून उजेड कुठून येतो ते बघा. हलवून आवाज ऐका. उलटा करा, कारण वस्तूची आतली बाजू बहुधा बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त बोलकी असते. जे दिसेल ते वहीत लिहा, पण "सुंदर" किंवा "उदास" असे शब्द लिहू नका. "कडा बोटाला टोचते", "पाचव्यानंतर झुकतं" असं लिहा. पुढचे निर्णय या नोंदींवरून घ्यायचे आहेत.

५. जोड

इथे घाई करू नका. चार-पाच प्रकारचे जोड छोट्या तुकड्यांवर करून बघा आणि मगच एक पक्का करा.

तार. सोडावॉटरच्या बाटलीसारखं दातेरी झाकण घ्या. आतली प्लास्टिकची चकती बोथट सुरीने उचकटून काढा, नाहीतर चपटं करताना ती मध्ये अडकते. झाकण दातेरी बाजू वर करून जाड लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा आणि हातोडीचे हलके ठोके कडेने गोल फिरत मारा. मधोमध एकदम जोरात मारलात तर झाकण बशीसारखं वाकतं आणि दाते एकमेकांवर चढतात. कडेने गेलात तर दाते बाहेरच्या बाजूला फुलत जातात आणि नाण्यासारखी सपाट, काठाला किंचित लहरी असलेली चकती मिळते. मग खिळ्याने चार भोकं पाडा, काठापासून तीन-चार मिलीमीटर आत. त्याहून कडेला गेलात तर ओढ बसल्यावर पत्रा फाटतो. भोकाच्या मागे धारदार ओठ येतो, तो हातोडीने दाबून टाका. तो सोडला तर तार आणि बोट दोन्ही कापतो.

तार अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासची मऊ तांब्याची. जुन्या वायरीचं आवरण सोलून मिळते. दोन भोकांतून ओवा, मागच्या बाजूला पकडीने दोन-तीन पीळ द्या, टोक कापा आणि उरलेलं टोक आत वळवा. पीळ किती घट्ट द्यायचा हे तुमच्या कामावर आहे. घट्ट दिलात तर काम ताठ उभं राहील, पीळ आणि पत्रा यांत तांदळाच्या दाण्याएवढी सैल जागा ठेवलीत तर लोंबेल. तांबं पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होऊन तुटतं, म्हणून चुकलेला जोड उलगडून तीच तार परत वापरू नका. आणखी एक: तांबं लोखंडाला चिकटून दमट जागी राहिलं तर लोखंड लवकर गंजतं. काम घराबाहेर टांगायचं असेल तर लोखंडी वस्तूला लोखंडी किंवा स्टीलची तार बरी.

शिवण. कागद, तिकिटं, पातळ प्लास्टिक यांना सुईदोरा उत्तम. कागद मात्र सलग जवळजवळच्या टाक्यांनी फाटतो, जणू तुम्ही तिकिटाची फाडायची रेघच आखून दिलीत. टाके लांब घ्या. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणारच, त्यातल्या लिग्निन या लाकडातून आलेल्या घटकाचा तो धर्म आहे. पिवळेपणा हवा असेल तर ठीक, नसेल तर वेगळा कागद निवडा. सेलोटेप कशालाही लावू नका. ती काही वर्षांत पिवळी होऊन सुटते आणि डाग मागे ठेवते.

गोंद. नवखे गोंदापासून सुरुवात करतात आणि मला तो शेवटचा पर्याय वाटतो, कारण गोंद वस्तूला काही विचारत नाही. वापरायचाच असेल तर आधी प्लास्टिक उलटं करून त्रिकोणातला आकडा बघा. २, ४ किंवा ५ असेल तर ते पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्याला नेहमीचा कुठलाही गोंद धड धरत नाही, आज चिकटलेलं पुढच्या महिन्यात खाली पडलेलं असतं. त्याला भोक पाडून बांधा. झटपट चिकटणारा सुपरग्लू ठिसूळ असतो आणि आजूबाजूला पांढरी धुरकट झाक सोडतो. ग्लू गनचा गोंद उन्हाने मऊ होतो आणि गुळगुळीत धातूवरून सालासारखा निघतो. धातूसाठी दोन भागांचं इपॉक्सी घ्या, दोन्ही पृष्ठभाग काचकागदाने खरखरीत करा आणि एक दिवस हलवू नका. थर्माकोलवर स्प्रे पेंट किंवा थिनर असलेला गोंद पडला की तो विरघळून खड्डा होतो. काहींना तो परिणाम आवडतो, पण मग वायुवीजन हवं.

नट-बोल्ट, रिव्हेट, चुंबक, नुसतं रचणं हेही आहेच. प्रत्येकाचे दोन-दोन नमुने करा.

६. वीतभर नमुना आणि हिशेब

आता वीतभर लांब-रुंद नमुना पूर्ण करा. मोठ्या कामाचं स्वप्न याच तुकड्यावर तपासायचं. समजा तुमची एक चकती चार सेंटीमीटरच्या चौकोनात बसते. मग एक मीटर बाय एक मीटरला २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ चकत्या लागतील. प्रत्येक चकती शेजारणीला आडवी-उभी बांधायची तर १,२०० जोड. एका जोडाला एक मिनिट धरलं, आणि हात बसल्यावर तेवढं लागतं, तर वीस तास फक्त बांधण्याचे. ठोकणं आणि भोकं पाडणं वेगळं. हा आकडा बघून उत्साह मावळला तर आकार निम्मा करा. निम्म्या लांबी-रुंदीला चौथाई काम लागतं.

नमुन्याचं वजनही करा आणि त्यावरून पूर्ण कामाचं वजन काढा. मग नमुना आठवडाभर टांगून ठेवा. एखादा जोड निसटला तर हजारातले किती निसटतील याचा अंदाज येतो, आणि कुठे ते कळतं. बहुधा सगळ्यात वरच्या ओळीत, कारण खालचा सगळा भार तिच्यावर असतो. त्या ओळीला दुप्पट तार द्या.

७. रंग लावायचा मोह

शक्यतो नाही. जमलेल्या वस्तूंचा स्वतःचा रंग, त्यावरचा अर्धवट छाप, हेच तर तुमचं भांडवल. सोनेरी स्प्रे मारला की सगळं एकसारखं "हस्तकला" दिसायला लागतं. अपवाद आहेत. अमेरिकन शिल्पकार लुईझ नेव्हेलसन यांनी १९५८ च्या 'स्काय कथीड्रल'मध्ये खुर्च्यांचे पाय, कठड्यांचे खांब, फर्निचरचे तुटके तुकडे खोक्यांत रचून सगळ्यावर एकच काळा रंग दिला. पण तिथे रंगाला काम नेमून दिलंय: कुठला तुकडा कशाचा हे विसरायला लावायचं, म्हणजे डोळा फक्त आकार आणि सावल्या बघतो. तुमच्या रंगाचं काम एका वाक्यात सांगता आलं तर खुशाल लावा.

सुरुवातीला मोरा-माशांबद्दल जे म्हटलं त्यालाही असाच अपवाद आहे. भारतीय कलाकार सुबोध गुप्ता यांनी २००६ मध्ये 'व्हेरी हंग्री गॉड' ही प्रचंड कवटी स्टीलच्या भांड्यांपासून उभी केली. आकार ओळखीचाच आहे, पण कवटी आणि रिकामी भांडी यांचा भुकेशी जो संबंध आहे तो बघणाऱ्याला सांगावा लागत नाही. भांड्यांऐवजी झाकणं घालून तीच कवटी केली तर ती नुसतीच कवटी.

८. मांडणी आणि उजेड

काम ज्या उंचीवर बघायचंय त्या उंचीवर ठेवूनच ठरवा. टेबलावर आडवं छान वाटणारं भिंतीवर उभं केल्यावर मरगळतं, उलटही होतं. साधारण दीड मीटरवर कामाचा मध्य आला तर उभ्याने बघणाऱ्याच्या नजरेच्या पातळीला येतो. भिंतीपासून दोन-तीन सेंटीमीटर पुढे टांगलंत तर मागे सावली पडते आणि जोड उठून दिसतात. उजेड समोरून टाकू नका, बाजूने टाका. ब्रिटिश कलाकार कॉर्नेलिया पार्कर यांनी १९९१ मध्ये बागेतली एक शेड ब्रिटिश लष्कराच्या मदतीने स्फोटाने उडवली आणि तिचे जळके तुकडे एकाच दिव्याभोवती टांगले. भिंतींवर पडणाऱ्या सावल्या त्या तुकड्यांपेक्षा कितीतरी मोठ्या होतात. एक दिवा, तोही साधा, एवढं करू शकतो.

टांगताना दोन बिंदूंवर टांगा, एका खिळ्यावर काम फिरतं. खिळ्यांनी एकूण वजनाच्या तिप्पट तरी पेललं पाहिजे असं धरून चाला. खाली कुणी बसणार-झोपणार असेल तर जागा बदला.

९. नोंद, फोटो, खोकं

वस्तूंपासून केलेल्या कामाचा एक धोका चित्रकारांना नसतो: कुणीतरी ते झाडून टाकू शकतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये इटलीतल्या बोल्झानो शहरात म्युझिओन या संग्रहालयात गोल्डश्मीड आणि कियारी या जोडीची मांडणी होती. रिकाम्या बाटल्या, सिगारेटची थोटकं, जमिनीवर पसरलेले कागदाचे कपटे. सफाई कर्मचाऱ्यांना तो आदल्या रात्रीच्या पार्टीचा कचरा वाटला आणि त्यांनी तो पिशव्यांत भरला. मांडणी नंतर पुन्हा लावली गेली. तेव्हा काम मांडून झालं की समोरून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि जोडांचा जवळून असे फोटो काढून ठेवा. फोटोत एक मोजपट्टी असू द्या. पाटी लावा: नाव, वर्ष, लांबी-रुंदी आणि वस्तूंची यादी. यादीत "मिश्र माध्यम" असं मोघम लिहू नका. "वापरलेली बाटल्यांची झाकणं, तांब्याची तार" असं लिहा. लोक ती ओळ वाचतात आणि मग पुन्हा कामाकडे वळून बघतात.

काढून ठेवताना लोंबणारं काम घडी घालू नका. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर मऊ कापडाबरोबर गुंडाळा, जोडांची मागची बाजू आत ठेवून. सुट्या तुकड्यांचं काम असेल तर प्रत्येक तुकड्यामागे क्रमांक लिहा, क्रमांकांचा नकाशा खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि वीस-तीस जादा नग व थोडी तार त्याच खोक्यात टाका. पुढच्या वेळी काहीतरी तुटलेलं निघणारच, आणि तोवर त्याच छापाची झाकणं मिळेनाशी झालेली असतील.